लोहाच्या गोळ्या आणि फसवा आराम

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर रक्तक्षय हा शब्द नवा नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी कुपोषणाचा प्रश्न साऱ्या राज्यापुढे आणला. गरोदर मातेला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लोहाची रोज एक गोळी दिली जाते, ती याच रक्तक्षयावर. परंतु मळमळते, शौच काळे होते, म्हणून पुष्कळ भगिनी गोळ्या अर्ध्यावर सोडतात. उरलेली पाकिटे फळीवर पडून राहतात, आणि लाल गोळी लहान मुलाला खाऊच वाटते.

आता हिशेब पाहा. (कारकुनाला तेवढेच जमते!) एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे ६० मिलिग्रॅम पोटात गेले, तर जिवाला धोका. म्हणजे १० किलोच्या मुलाला १० गोळ्या. कुपोषित, ८ किलोच्या मुलाला ८ च पुरतात. याहून कमी खाल्ल्या असल्या तरी डॉक्टरांना दाखवावेच.

पहिल्या सहा तासांत उलट्या, पोटदुखी, कधी रक्ताचे जुलाब होतात. मग मूल शांत होते, झोपते, खेळूही लागते. घरच्यांना वाटते, उतरले. खरा घात येथेच होतो. लोह त्या वेळी रक्तातून यकृताकडे गेलेले असते. पुढे एक-दोन दिवसांत रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ शकते. म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यातून मूल घरी आणू नये.

घरी मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोटे घालू नयेत. गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्यावे, किती उरल्या ते मोजावे, १०८ ला फोन करावा. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. इतर विषांवर देतात ती कोळशाची पूड लोहाला धरत नाही. तेथे प्रथम शिरेतून सलाईन देतात. क्ष-किरणात गोळ्या दिसल्या तर आतडी धुण्याचे औषध पाजतात. विषबाधा गंभीर असल्यास डेफेरॉक्सामिन शिरेतून द्यावे लागते. ते लोहाला बांधून लघवीवाटे बाहेर काढते, लघवी लालसर होते. हे औषध लहान रुग्णालयात नसेल, तर पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवण्याविषयी लगेच विचारावे.

वाचलेल्या मुलाला दोन ते आठ आठवड्यांनी पुन्हा उलट्या सुरू झाल्या, तर जठराचे तोंड व्रणाने अरुंद झालेले असू शकते. तेव्हा गोळ्यांची जुनी हकिगत डॉक्टरांना जरूर सांगावी.