अरण्य, माळरान आणि पक्षिजीवन : आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात

एखाद्या भूभागात कोणते पक्षी एकत्र नांदतील, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवरून ठरते : निवारा आणि अन्न. या नियमाच्या अभ्यासासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा अतिशय सोयीचा आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात अतिवृष्टीच्या सह्याद्रीचे अरण्य आहे, तर दक्षिणेस कर्जत-श्रीगोंदे भागात अवर्षणप्रवण माळरान पसरलेले आहे.

अरण्याचे मजले

अकोल्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाले. तेथील दाट रानाचे निरीक्षण केल्यास ते अनेक मजली घरासारखे भासते. जमिनीवरील पालापाचोळा उलटून किडे टिपणारा नवरंग पावसाळ्यात येतो. झुडपांत बुलबुल व सातभाई वावरतात, खोडावर सुतार पक्षी अळ्या शोधतो आणि शेंड्यांवर हरियाल व हळद्या दिसतात. मजला वेगळा, अन्न वेगळे. म्हणून त्यांच्यात फारशी स्पर्धा होत नाही. अमेरिकेतील रॉबर्ट व जॉन मॅकआर्थर यांनी १९६१ साली असे दाखवून दिले, की पक्ष्यांची विविधता झाडांच्या जातींच्या संख्येपेक्षा पानोऱ्याच्या थरांवर अधिक अवलंबून असते. झुडपे तोडून केवळ उंच झाडे राखली, तर रान हिरवे दिसते. परंतु त्याचे मधले मजले ओस पडतात.

अन्नाचे ऋतुचक्र

निवारा असूनही अन्न नसेल तर पक्षी टिकत नाहीत. पानगळीच्या दिवसांत पळस, पांगारा आणि सावर फुलतात व त्यांच्या मधावर मैना, बुलबुल, कोतवाल जमतात. वड, उंबर आणि पिंपळ यांची झाडे एकाच वेळी फळत नाहीत. त्यामुळे टंचाईच्या काळातही तांबट, कोकीळ, हरियाल यांना कोठेतरी फळे मिळतात. ज्याला आपण बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो, तो पिंपळ अशा प्रकारे असंख्य जीवांचा अन्नदाता आहे. या उपकाराची परतफेडही होते : पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर रुजतात.

माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (१९८०) काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील गवत आणि काटेरी झुडपे यांवर चंडोल, तितर, माळटिटवी यांसारख्या पक्ष्यांचे जीवन अवलंबून असते. हिवाळ्यात माळांवर येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी नाकतोडे टिपतात व रात्री गवतातच जमिनीवर विसावतात. त्यांना झाड लागत नाही, उघडा माळ लागतो.

माळढोकाची कथा याच नियमाची शोकांतिका आहे. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे हे त्याचे अन्न. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते आणि दूरवरून येणारे संकट दिसावे, यासाठी तिला मोकळी जागा हवी असते. त्याच्या रक्षणार्थ १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत घटविण्यात आले. दरम्यान बरेच माळ नांगराखाली गेले, पाणी येताच उसाखाली गेले, तर काही ठिकाणी सद्‌हेतूने ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावण्यात आली. सावलीत गवत विरळ झाले, गवताबरोबर नाकतोडे गेले आणि झाडांवर अंडी पळविणाऱ्या कावळ्यांना बसण्यास जागा मिळाली. आज जिल्ह्यात माळढोकाचे दर्शन जवळजवळ संपले आहे.

आपले कर्तव्य

दर पावसाळ्यात आपण उत्साहाने वृक्षारोपण करतो. तो उत्साह अवश्य टिकावा. मात्र खड्डा खणण्यापूर्वी 'ही भूमी मुळात कशाची होती?' हा प्रश्न विचारावा. शाळेचे आवार, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ येथे वड, उंबर, पिंपळ, बोर, बाभूळ लावावीत. गवताळ माळ मात्र माळच राहू द्यावा आणि तेथील गवत पेटवू नये. धोका नसेल तर वाळलेले झाडही राखावे, कारण तांबट व सुतार त्यातच ढोली कोरतात.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावी मुलांसह वर्षभर एक वही ठेवावी : कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कोठे, काय खाताना दिसला. कोणती जागा झाडांसाठी आणि कोणती गवतासाठी राखावी, हे त्या वहीवरून गावालाच उमगेल.