दर्शनामागील प्रेरणा

श्रींच्या दर्शनास येणारा प्रत्येक भाविक काही हेतू मनी धरून येतो. कोणी आजारी आप्तासाठी नवस बोलतो, कोणी व्यवसायात यश मागतो, तर कोणी काहीच न मागता मुखदर्शन घेऊन परततो. मागण्यासाठी आलेल्याची भक्ती कमी प्रतीची मानावी काय, हा प्रश्न अनेकांच्या मनाला बोचतो.

मनुष्य कोणत्या प्रेरणेने कृती करतो, याचे विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये केले. शारीरिक गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपलेपणा, मानसन्मान आणि आत्मविकास अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. खालची गरज बऱ्याच अंशी भागली की वरची जागी होते. मात्र हा क्रम अढळ नाही. ध्येयासाठी माणूस सर्वस्वाचाही त्याग करतो, हे त्यांनी नमूद केले. उन्हापावसाची तमा न बाळगता पंढरीची वाट चालणारा वारकरी याचेच उदाहरण होय. उत्तरायुष्यात मॅस्लो यांनी आत्मविकासाच्याही पलीकडील, 'स्व'ला ओलांडून जाणाऱ्या अवस्थेचा विचार मांडला.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त वर्णिले आहेत. संकटाने पीडलेला तो आर्त, जाणून घेऊ इच्छिणारा तो जिज्ञासू, इष्ट वस्तूची अपेक्षा धरणारा तो अर्थार्थी आणि भगवंताशी एकरूप झालेला तो ज्ञानी. ज्ञानी भक्तास भगवंतांनी आपला आत्माच मानले. तरीही चौघांनाही उदार म्हटले आहे. म्हणून नवस बोलणाऱ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही.

तथापि दोन्ही विचार एकच नव्हेत. मॅस्लो यांच्या मते गरज भागली की मन पुढे सरकते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायानुसार कामना ही कधीही तृप्त न होणाऱ्या अग्नीसारखी आहे. केवळ मागणे पूर्ण झाल्याने भक्त वरच्या पायरीवर जात नाही. त्यास विवेकाची जोड लागते.

दानाचेही तसेच आहे. परतफेडीची अपेक्षा न धरता, देणे हे कर्तव्य मानून, योग्य स्थळी, योग्य काळी व सत्पात्री दिलेले दान सतराव्या अध्यायात सात्त्विक म्हटले आहे. दानाच्या रकमेपेक्षा त्यामागील भाव तेथे महत्त्वाचा ठरतो.

भाविकांनी आपले मागणे श्रींच्या चरणी अवश्य मांडावे. ते मांडून झाल्यावर क्षणभर काहीही न मागता हात जोडून उभे राहावे. याच क्षणी आर्ताची पावले ज्ञानाच्या वाटेला लागतात.