मोटारसायकलीसाठी ट्रेलर : ओझे किती आणि ओझे कोठे?

बैलगाडीत पोती भरताना अनुभवी गाडीवान सारा भार मागे लोटीत नाही, तसाच तो सारा पुढेही रचीत नाही. भार फार मागे गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे तिची दांडी वर उचलली जाऊन जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. भार फार पुढे आला तर बैलांच्या माना दबतात. म्हणून आसाच्या किंचित पुढे वजन येईल अशा बेताने तो पोती रचतो. मोटारीच्या मागे जोडलेल्या दोन चाकांच्या ट्रेलरवर मोटारसायकल चढविताना हाच नियम लागू पडतो. फरक इतकाच की, बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटर चालते आणि मोटार साठ किंवा त्याहून अधिक. जी चूक बैलगाडीत केवळ खोळंबा करते, ती महामार्गावर जिवावर बेतू शकते. ट्रेलरची निवड करताना 'ओझे किती' या प्रश्नाइतकाच 'ओझे कोठे' हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

ट्रेलरची गरज कोणाला?

बंगळूरच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही स्वातंत्र्यानंतर लवकरच वसविलेली वसाहत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. तेथून तुमकूर रस्त्याने हुबळी, बेळगाव, कोल्हापूर व पुणे यांकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ गाठता येतो. हाच महामार्ग दुसऱ्या दिशेने चेन्नईकडे जातो. त्याच्या परिसरात, श्रीपेरुंबुदूरजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० साली मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी धावमार्ग सुरू झाला. शर्यतीसाठी खास सिद्ध केलेल्या मोटारसायकलीला दिवे व क्रमांकाची पाटी नसते. ती सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, वाहूनच न्यावी लागते.

दुसरा वर्ग जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा. म्हैसूर येथील 'आयडियल जावा' हा कारखाना १९९६ साली बंद पडला. तथापि त्याने घडविलेल्या जावा व येझदी गाड्या आजही जिव्हाळ्याने जपल्या जातात. अशी गाडी दुरुस्तीसाठी किंवा मेळाव्यासाठी दूर न्यावयाची झाल्यास ती चालवीत नेण्यापेक्षा वाहून नेणे पुष्कळांना श्रेयस्कर वाटते. बंद पडलेल्या गाडीच्या बाबतीत तर दुसरा उपायच नसतो.

मात्र वर्षातून एखाद्या वेळीच असा प्रसंग येत असेल, तर भाड्याचा छोटा मालवाहू टेंपो किंवा रेल्वेची पार्सल सेवा अधिक सोयीची ठरते. स्वतःचा ट्रेलर वारंवार प्रवास करणाऱ्यालाच परवडतो.

ट्रेलरचे प्रकार

पहिला प्रकार पन्हाळीचा. यात सांगाड्यावर चाकाच्या रुंदीची एक लांब पन्हाळी असते आणि मोटारसायकल तिच्यातच उभी राहते. हा ट्रेलर हलका व स्वस्त. पण त्यावर दुसरे काही नेता येत नाही. दुसरा सपाट तळाचा. तो जड असला तरी मोटारसायकल पुढेमागे सरकवून भार जुळविण्यास त्यात भरपूर वाव मिळतो. तिसरा बंद पेटीचा. यात गाडी ऊन, पाऊस व चोर यांपासून सुरक्षित राहते. परंतु त्याच्या उंच बाजूंवर वारा आदळतो आणि मोटारीला अधिक जोर लावावा लागतो.

याखेरीज मोटारीच्या मागील जोडणीवरच टांगलेली, चाके नसलेली एक घोडीही काही देशांत वापरतात. तिच्यात मोटारसायकलीचे सर्व वजन जोडणीवर पडते. १९५ किलोग्रॅमची मोटारसायकल आणि ३० किलोग्रॅमची घोडी मिळून २२५ किलोग्रॅम मोटारीच्या पाठीमागे लोंबकळतात. तरफेच्या नियमाने मोटारीचा पुढचा भाग उचलला जाऊन पुढील चाकांची पकड कमी होते. लहान मोटारीसाठी हा मार्ग सर्वथा वर्ज्य समजावा.

तरफेचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. रॉयल एनफील्ड कंपनीच्या 'क्लासिक ३५०' या मोटारसायकलीचे वजन सुमारे १९५ किलोग्रॅम असते. ट्रेलरचे स्वतःचे वजन १८० किलोग्रॅम आणि हत्यारांची पेटी १५ किलोग्रॅम धरली, तर एकूण वजन ३९० किलोग्रॅम होते. या वजनापैकी किती भार मोटारीच्या जोडणीवर पडावा? अमेरिकेत १० ते १५ टक्के भार सांगण्याचा प्रघात आहे; युरोपात तो सामान्यतः यापेक्षा कमी ठेवतात. आपण १० टक्के, म्हणजे ३९ किलोग्रॅम, हे लक्ष्य ठरवू. मोटारीच्या निर्मात्याने जोडणीवरील भाराची मर्यादा याहून कमी सांगितली असेल, तर ती पाळणे बंधनकारक समजावे.

ट्रेलरचा आस हा टेकू होय. जोडणी त्याच्यापासून ३ मीटर पुढे आहे असे समजू. रिकाम्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या ०.१५ मीटर पुढे आहे आणि पेटी बरोबर आसावर ठेवली आहे. जोडणीवर ३९ किलोग्रॅम भार हवा असेल, तर आसाभोवतीचे परिबल ३९ × ३ = ११७ हवे. त्यापैकी १८० × ०.१५ = २७ इतके ट्रेलरकडूनच मिळते. उरलेले ९० मोटारसायकलीने पुरवावयाचे. ९० ला १९५ ने भागले असता सुमारे ०.४६ येतात. म्हणजे मोटारसायकलीचा गुरुत्वमध्य आसाच्या ४६ सेंटिमीटर पुढे आला पाहिजे.

आता हीच मोटारसायकल चुकून आसाच्या ५० सेंटिमीटर मागे ठेवली तर काय होईल? १९५ × ०.५ = ९७.५ हे परिबल उलट दिशेचे. त्यातून २७ वजा करून ३ ने भागले असता २३.५ येतात. म्हणजे ट्रेलरचा दांडा मोटारीची पाठ २३.५ किलोग्रॅम भाराइतक्या जोराने वर उचलू लागेल. गाडी उलाळ झाली ती अशी. मोटारसायकल केवळ १० सेंटिमीटर सरकविली तरी जोडणीवरील भारात साडेसहा किलोग्रॅमचा फरक पडतो. म्हणूनच ज्या ट्रेलरवर पुढच्या चाकाची कैची पुढेमागे सरकवून पक्की करता येते, तो इतरांहून सरस मानावा.

मोटारसायकलीचा गुरुत्वमध्य शोधणेही अवघड नाही. पुढचे व मागचे चाक घरगुती वजनकाट्यावर आळीपाळीने ठेवावे. एक चाक काट्यावर असताना दुसऱ्याखाली तितक्याच उंचीची फळी घालावी आणि गाडी सरळ उभी धरावी. समजा, पुढे ९० व मागे १०५ किलोग्रॅम भार भरला. दोन चाकांच्या आसांतील अंतर १.३९ मीटर असल्यास गुरुत्वमध्य मागील आसाच्या पुढे ९० ÷ १९५ × १.३९, म्हणजे सुमारे ६४ सेंटिमीटरवर असतो. तो ट्रेलरच्या आसाच्या ४६ सेंटिमीटर पुढे आणावयाचा, तर मोटारसायकलीचे मागचे चाक ट्रेलरच्या आसाच्या १८ सेंटिमीटर मागे टेकले पाहिजे. तेथे ट्रेलरवर रंगाची खूण करून ठेवावी.

हेलकावे का वाढतात?

ट्रेलर जोडणीभोवती डावी-उजवीकडे वळू शकतो. शेजारून वेगाने गेलेल्या बसच्या वाऱ्याने किंवा एखाद्या खड्ड्याने त्याला धक्का बसला की तो थोडा हलतो. भार योग्य जागी असेल तर टायरांचे घर्षण त्याला लवकरच ताळ्यावर आणते. भार मागे असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होऊ लागतो. विशिष्ट वेगाच्या पलीकडे ट्रेलर मोटारीलाच फरफटू लागतो. उतारावर हा धोका अधिक असतो. अशा वेळी चालकाने सुकाणू सरळ धरून प्रवेगकावरील पाय हळूहळू उचलावा. वेग वाढवू नये आणि एकदम ब्रेकही दाबू नये.

येथे वेगाचे महत्त्व ध्यानी येते. ३९० किलोग्रॅमच्या या ट्रेलरची गतिज ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे ५४,००० जूल असते, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ९६,००० जूल. वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण ऊर्जा पाउणपटीहून अधिक वाढली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सारी ऊर्जा मोटारीच्या ब्रेकांनाच शोषून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरचे एकूण वजन ७५० किलोग्रॅम किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक असून चालत नाही. हा दंडक आपणही स्वीकारण्यासारखा आहे. आपल्या उदाहरणातील ३९० किलोग्रॅमसाठी मोटारीचे वजन निदान ७८० किलोग्रॅम हवे.

चाके, फळी आणि पट्टे

लहान चाकांमुळे ट्रेलर बुटका होतो, हा फायदा. परंतु तेच चाक खड्ड्यात खोल जाते आणि अधिक वेगाने फिरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने ४० सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते, तर ६० सेंटिमीटर व्यासाचे सुमारे ५३०. त्यामुळे लहान चाकाचे बेअरिंग लवकर तापते. त्यात वेळोवेळी ग्रीस भरावे. टायरवर लिहिलेली भारक्षमता आणि हवेचा दाब या दोन्हींची खात्री करून घ्यावी.

चढविण्याची फळी जितकी लांब तितके श्रम कमी. ट्रेलरचा तळ जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर २ मीटर लांबीच्या फळीवरून ही मोटारसायकल ढकलण्यास सुमारे ४४ किलोग्रॅम भाराइतका जोर लागतो, १.२ मीटरच्या फळीवरून तोच जोर ७३ वर जातो. एकट्या माणसाचा पाय येथेच घसरतो.

मोटारसायकल कधीही बाजूच्या घोडीवर टेकवून बांधू नये. ती सरळ उभी करून पुढचे चाक कैचीत बसवावे आणि चार पट्ट्यांनी, दोन पुढे व दोन मागे, अशी बांधावी की तिच्या स्प्रिंगा काही अंशी दबतील, पण पूर्ण बसणार नाहीत. युरोपातील नियमांप्रमाणे मालाची बांधणी पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट व बाजूंना निम्म्याइतका जोर सोसणारी असावी लागते. आपल्या उदाहरणात हे आकडे १५६ व ९७.५ किलोग्रॅम येतात. तिरप्या पट्ट्याचा सारा ताण एका दिशेला उपयोगी पडत नाही. ४५ अंशांत बांधलेल्या पट्ट्याने खाली १०० किलोग्रॅम ओढ हवी असेल, तर त्यात सुमारे १४१ किलोग्रॅम ताण द्यावा लागतो. म्हणून पट्टे घेताना सढळ हाताने बळकट घ्यावेत आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळावेत.

खरेदीपूर्वी

भारतातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या संज्ञेत ट्रेलरचाही समावेश होतो. त्यामुळे त्याची नोंदणी आवश्यक ठरते. राजाजीनगरसारख्या औद्योगिक वस्तीत लोखंडी सांगाडा जोडून देणारा कारागीर सहज सापडेल, परंतु त्याच्या कौशल्याने नोंदणीचा प्रश्न सुटत नाही. पैसे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात नोंदणीची आणि विमा कंपनीकडे विम्याची चौकशी करावी. त्याहीपूर्वी मोटारीची पुस्तिका उघडावी. ओढण्याची मर्यादा तेथे दिलेली असते. काही लहान मोटारींच्या बाबतीत तर ट्रेलर ओढूच नये, असे स्पष्ट बजावलेले असते. तसे असल्यास ट्रेलरचा विचार तेथेच थांबवावा.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

३० सेंटिमीटरची एक पट्टी घ्यावी. तिचे शून्याकडील टोक स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर टेकवावे आणि २० सेंटिमीटरच्या खुणेखाली, काट्याच्याच उंचीवर, आडवी पेन्सिल ठेवावी. पेन्सिल हा आस आणि काटा ही जोडणी. पट्टीवर नाण्यांची चळत ठेवून ती हळूहळू मागे सरकवावी व काट्यावरील आकडा दर वेळी टिपावा. पट्टीचे वजन २० ग्रॅम व नाण्यांचे ५० ग्रॅम असेल, तर चळत पेन्सिलीच्या २ सेंटिमीटर मागे जाताच आकडा शून्यावर येईल, आणि आणखी थोडी सरकताच पट्टीचे टोक काट्यावरून उचलले जाईल. खऱ्या ट्रेलरच्या बाबतीत हा आकडा शून्यावर येऊ न देणे, ही प्रवासास निघण्यापूर्वीची पहिली जबाबदारी होय.