‘नेलंय’ म्हणजे कुठे? अटकेची नोंद कशी शोधावी



गेल्या अंकात जातीच्या दाखल्याविषयी लिहिलं होतं. ते वाचून मिरजेच्या एका भगिनींनी फोनवर विचारलं, “दाखल्याचं समजलं, पण वस्तीवरच्या माणसाला पोलिसांनी नेलं तर तो कुठे आहे हे कळायचं कसं?” प्रश्न सोपा वाटला. उत्तर लिहायला बसले तेव्हा आठवलं, की हे शिकायला मला स्वतःला सेवेतली पहिली सहा-सात वर्षं लागली होती.

माण तालुक्यातल्या एका पारधी पालावरून रात्री अकराच्या सुमारास फोन आला. “बाई, पोराला नेलंय.” कोणी नेलं? पोलिसांनी. कुठल्या? म्हातारीला वाचता येत नव्हतं. गाडी पांढरी होती, दोघे साध्या कपड्यांत होते, एवढंच ती सांगू शकली. आम्ही सकाळी जवळच्या ठाण्यात गेलो. “आमच्याकडे नाही.” दुसऱ्या ठाण्यात गेलो, तिथेही तेच. तिसऱ्या दिवशी कळलं, की शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गुन्ह्यात त्याला अटक झाली आहे, आदल्या दिवशी न्यायालयापुढे उभं केलं गेलं आणि पोलीस कोठडीही मिळाली. त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नव्हतं. खटला चार वर्षं चालला आणि तो निर्दोष सुटला. ते पुढचं. पण त्या दोन दिवसांत म्हातारीच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही, आणि मुलाचं नाव मात्र कागदावर लिहिलेलं होतं. कुठे बघायचं हे आम्हालाच माहीत नव्हतं.

आपल्या लोकांना ‘नोंद’ या शब्दाचीच भीती का वाटते, हे आधी समजून घ्यायला हवं. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात माणसाने काही केलं असो वा नसो, जन्मानेच त्याचं नाव पोलिसांच्या रजिस्टरात जाई. हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवानगी लागे. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या वसाहती आल्या. देशात अशा काही वसाहती सॅल्व्हेशन आर्मीसारख्या मिशनांनीही चालवल्या, हे आपण मंडळींनी विसरू नये. आपण तिथे शाळा आणि औषध दिलं, पण हजेरीची वहीही आपल्याच टेबलावर होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. पारधी, रामोशी, कैकाडी, वडार यांच्या वस्त्यांत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. म्हणून “चला, पोलिसांच्या यादीत नाव बघू” असं मी म्हणते तेव्हा आजी माझ्याकडे संशयाने पाहते. तिचं चुकत नाही.

तरीही आजची नोंद वेगळी आहे. ती माणसाच्या रक्षणासाठी मागून घेतलेली आहे. कोठडीतले मृत्यू वाढत चालल्याचं पाहून सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात अटकेचे अकरा नियम घालून दिले. त्यांतले बरेचसे नंतर कायद्यातच आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आपल्या कामाची तीन कलमं आहेत.

कलम ३६ म्हणतं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची आणि अटक झालेल्याचीही घ्यायची. कलम ४८ प्रमाणे अटक झाल्याची आणि कुठे ठेवलं आहे त्याची खबर नातेवाइकाला, मित्राला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची. कोणाला कळवलं हे ठाण्यातल्या वहीत लिहायचं, आणि दंडाधिकाऱ्याने ते पाळलं गेलं की नाही हे तपासायचं. तिसरं कलम ३७. मला वाटतं ते सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असेल. प्रत्येक ठाण्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी या कामासाठी नेमलेला असला पाहिजे. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात सर्वांना दिसेल असं लावणं ही त्याची जबाबदारी. जिल्ह्यात नियंत्रण कक्षही असतो. म्हणजे दहिवडी, वडूज, फलटण असं एकेक ठाणं पालथं घालत बसण्याआधी साताऱ्याच्या जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाला विचारता येतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडचा प्रश्न असेल तर सांगलीच्या.

विचारताना कसं विचारावं? “आमच्या माणसाला सोडा” अशी सुरुवात करू नका. माणसाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, वय, कुठून किती वाजता नेलं एवढं सांगा, आणि ठाणे अंमलदाराला विचारा: अटक दाखवली आहे का, गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, तपासी अधिकारी कोण, न्यायालयापुढे कधी नेणार. उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहून घ्या. पारध्यांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. एकाच माणसाला घरात एक नाव, आधार कार्डावर दुसरं आणि पोलिसांकडे तिसरं असतं. तिन्ही नावं विचारल्याशिवाय “नाही” हे उत्तर घेऊन परत फिरू नका.

मोबाइलवरही पाहता येतं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर आणि अटक आरोपींची माहिती मिळते. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडून शोधायचं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला, की एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा. नेटवर्कची किंवा दुर्गम भागाची अडचण असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तासांत. लैंगिक अत्याचार, बालकांवरील अत्याचार, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत. अल्पवयीन मुलाचं नाव तर कुठेच जाहीर करता येत नाही. म्हणून पडद्यावर नाव दिसलं नाही याचा अर्थ अटक झालीच नाही असा होत नाही. एफआयआरमध्ये आरोपी ‘अज्ञात इसम’ असेल तर नावाने शोधून तो सापडणारही नाही.

आणखी दोन ठिकाणी माणूस चुकतो. पहिलं प्रतिबंधात्मक कारवाईचं. जत्रा, निवडणूक किंवा सण आला की काही जणांना ‘खबरदारी’ म्हणून उचलतात. जुन्या कायद्यात ते कलम १५१ होतं, आता १७०. वस्तीवर अजून ‘एकशे एक्कावन्न’च म्हणतात. यात एफआयआर नसतो, त्यामुळे एफआयआरच्या यादीत काही दिसत नाही. चॅप्टर केस केली असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, बहुतेक वेळा तहसील कचेरीत, चौकशी करावी लागते. दुसरं ‘चौकशीला नेलंय’ या शब्दाचं. चौकशीसाठी बोलवायचं तर कलम ३५ खाली लेखी नोटीस देता येते. ठाण्यातून उठून घरी जाता येत नसेल तर त्या माणसाची अटक कुठेतरी लिहिलेली असायलाच हवी, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायलाच हवं. जतच्या लोकांसाठी एक सूचना: गाडी कर्नाटकची होती का हे आधी विचारा. विजयपूरच्या पोलिसांनी नेलेला माणूस सांगलीच्या यादीत कितीही शोधला तरी सापडणार नाही.

नोंद झाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या गुन्ह्यात दोन तरुणांना अटक झाली. त्यांतल्या एकाचा कोठडीत मृत्यू झाला, त्याचं प्रेत आंबोलीला नेऊन जाळण्यात आलं, आणि दोघे पळून गेले असं सांगण्यात आलं. पुढे उपनिरीक्षकासह काही पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास सीआयडीकडे गेला. तेव्हापासून आम्ही नाव सापडलं की थांबत नाही. वैद्यकीय तपासणी झाली का हे विचारतो. बसू खटल्यातल्या नियमाप्रमाणे कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी ती व्हायला हवी. वकिलाला भेटू द्या म्हणतो. डिसेंबर २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान वर्षभर जपायचं असतं. म्हणून शंका असेल तर ते राखून ठेवण्याचा अर्ज त्याच आठवड्यात देतो. बाईमाणसाला नेलं असेल तर वेळ विचारतो, कारण सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी, तिन्ही लागतात.

अटकेची कारणं लेखी आणि माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं. आपल्या पारधी आयाबायांना कचेरीतलं मराठी तरी कुठे समजतं? या मुद्द्यावर वकिलांनी बोलायला हवं. पौलाला कैसराकडे पाठवताना आरोप काय लिहावा, हा पेच फेस्त सुभेदारालाही पडला होता (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २५). कारण न लिहिता कैदी पाठवणं त्यालाही बरं वाटलं नव्हतं.

वकिलाला पैसे नसतील तर अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रीला, बालकाला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे. हेल्पलाइन १५१००. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे गेल्या अंकातला तो दाखला इथे पुन्हा उपयोगी पडतो. आरोपपत्र दाखल झालं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष टाकून पुढची तारीख कळते. कोणी माहिती देतच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावं लागतं. ते कारण अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. माणूस कुठेच सापडत नसेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका हा मार्ग आहे. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे, आणि सातारा व सांगली दोन्ही जिल्हे त्याच्याखाली येतात.

इथपर्यंत लिहून थांबले असते, पण एक गोष्ट मनाला लागून आहे. ही यादी सगळ्यांना दिसते, तशी आपल्यालाही दिसते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहासाठी पहारेकरी हवा होता. वस्तीवरल्या एका तरुणाचा अर्ज आला होता. कमिटीतल्या एका भावाने सभेतच मोबाइल काढला, नाव टाकलं आणि म्हणाला, “हा तर अटकेच्या यादीत आहे.” मी तिथेच बसले होते. त्याला तीन दिवसांत सोडलं होतं आणि त्याच्यावर आरोपपत्रही दाखल झालं नव्हतं, हे मला माहीत होतं. जामिनाला मीच धावले होते. मी बोलले नाही. देणगीदार काय म्हणतील, मुलांची जबाबदारी आहे, असं काहीतरी मनात आलं.

अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. आपल्या राज्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं, त्यांना खोटं गुंतवल्याचं म्हटलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर त्यांची सोळा वर्षं गेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात त्याच न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही बजावलं. १८७१ च्या वहीची आठवण न्यायालयाने काढली, पण आमच्या कमिटीला ती झाली नाही.

तो तरुण सध्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला आहे. त्याचा अर्ज अजून फाइलमध्ये आहे. पट्टा पडला की टोळी परत येईल. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत मी हा विषय घातला आहे, आणि सभेच्या आधी पालावर जाऊन त्याला भेटणार आहे. तो काय म्हणेल ते माहीत नाही.