आधी परतीच्या वजनाचा हिशोब

बाळ, कोडियाक बेटावर हरणाच्या शिकारीला जायचं तुम्ही तिघांनी ठरवलंय, तेही गाइड न घेता आणि बेताच्या पैशात. जरूर जा. इतकी वर्षं अलास्कात काढल्यावर जे पक्कं ठाऊक झालंय, तेवढंच सांगतो.

आधी कायद्याचं बघ. अमेरिकेच्या दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला इथे तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरी यांच्या शिकारीला गाइड किंवा इथला जवळचा नातलग सोबत लागतो. हरणाला लागत नाही. म्हणून तर ही शिकार नोकरदार माणसाच्या आवाक्यात येते. बाहेरच्यांसाठी सध्या वर्षाचा परवाना १६० डॉलर आणि हरणाचा टॅग ३०० डॉलर आहे. किती हरणं मारता येतात, नर की मादी, हे बेटागणिक आणि वर्षागणिक बदलतं, तेव्हा यंदाचं नियमपुस्तक स्वतः वाच. तुमचा तो पुण्याहून येणारा मित्र मात्र परदेशी पाहुणा ठरतो. त्याला कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी गाइड सक्तीचा आहे. त्याने सोबत यावं, दुर्बिणीतून डोंगर बघावा, ओझं उचलावं. रायफल तुम्हा दोघांकडेच राहू दे.

घरच्यांना हे सगळं पटणार नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद केली आणि ते योग्यच झालं. कोडियाकची गोष्ट निराळी आहे. तिथे हरीण मूळचं नाही, १९२४ पासून ते आणून सोडलं गेलं. एखादा हिवाळा फार कडक गेला की भुकेने हरणं मोठ्या संख्येने मरतात. मागचा हिवाळा कसा गेला, हे तिथल्या वन्यजीव खात्याला फोन करून विचारल्याशिवाय वर्ष पक्कं करू नकोस.

आता पैशाचं. लोक जाण्याचा खर्च मांडतात आणि येण्याच्या खर्चात बुडतात. पूर्ण वाढलेला नर साधारण ५५ किलोचा भरतो. हाडं काढली तरी वीस-बावीस किलो मांस उरतं. दोन नर म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो, वर ओले तंबू, ओले कपडे, ओले दोर. जाताना एका फेरीत बसलेला संसार येताना त्याच विमानात मावत नाही, आणि तुम्हाला रानात सोडणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाची जादा फेरी तुमचं सगळं गणित मोडते. म्हणून वैमानिकाशी बोलताना पहिला प्रश्न परतीच्या वजनाचा विचार. माणसांची वजनं खरी सांग, बूट-जाकिटासकट.

वाचवायचं कुठे? होमरहून कोडियाकला सरकारी फेरीबोट जाते. ‘टस्टुमिना’ नावाची जुनी बोट १९६४ पासून या पाण्यात आहे. रात्रभराचा प्रवास आहे, पण सामानाची चिंता नाही. राष्ट्रीय वन्यजीव क्षेत्रातल्या सरकारी लाकडी खोल्या स्वस्त असतात, मात्र त्या लवकर भरतात. भारी दुर्बीण, नवी रायफल यांवर पैसे घालवू नकोस. तंबूवर, पावसाळी कपड्यांवर आणि उपग्रहावरून निरोप पाठवणाऱ्या यंत्रावर मात्र हात आखडू नकोस. सुती कपडा एकही नको. तो भिजला की अंगातली ऊब ओढून घेतो, आणि तिथे भिजणं रोजचंच. गॅसचे डबे आणि अस्वलाला पळवायचा फवारा प्रवासी विमानात नेता येत नाहीत. ते कोडियाक गावात घ्या. फवारा छोट्या विमानात चढवण्याआधी वैमानिकाला सांगा, तो सहसा बाहेर, विमानाच्या तरंगत्या पायांमध्ये (फ्लोटमध्ये) ठेवतो.

ऑगस्टमध्ये नर उंच माळावर चरतात. चढ जीव काढतो, पण दिवस मोठा असतो. नोव्हेंबरात माजावर आलेले नर बेफिकीर होतात आणि बर्फ पडला की खाली किनाऱ्याकडे उतरतात. मी नोव्हेंबर निवडतो. मात्र तेव्हा उजेड जेमतेम आठ तासांचा, आणि वादळ आलं की विमान दोन-तीन दिवस येतच नाही. शिधा तेवढ्या दिवसांचा जास्तीचा न्या, रजाही तेवढी जास्तीची घ्या. सोमवारी ऑफिसात हजर व्हायचंच असेल, तर कोडियाकला जाऊच नका.

तंबू भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर लावा. वाळलेलं समुद्री शेवाळ आणि ओंडके जिथे साचलेत, तिथवर पाणी येतंच. तंबूच्या खुंट्यांवर दगड ठेवा.

अस्वलाचं नीट ऐक. या बेटांवर साडेतीन हजारांच्या आसपास तपकिरी अस्वलं आहेत आणि बंदुकीच्या आवाजावर ती येऊ शकतात. उतरत्या उन्हात गोळी झाडायचीच नाही. दुपारी दोननंतर दिसलेलं हरीण तसंच जाऊ द्यायचं. अल्डर झुडपांच्या गचपणात उभं असेल तरीही नाही. हरीण पडलं की आधी टॅग लावायचा, मग सुरी. एकाने कापायचं, दुसऱ्याने रायफल घेऊन पाठ राखायची, तिसऱ्याने वाऱ्याच्या दिशेला नजर लावायची. गप्प बसू नका, मोठ्याने बोला. मांस जाळीच्या पिशव्यांत भरून कोथळ्यापासून शंभरेक पावलं दूर, उघड्यावर, लांबून दिसेल असं न्या. एका फेरीत सगळं जात नसेल, तर परत येताना दुर्बिणीतून आधी ती पिशवी बघा. अस्वल तिच्यावर बसलेलं असेल तर मांस त्याचं झालं. मांस वाचवायला अस्वल मारणं हा तिथे गुन्हा आहे. मुक्कामावर मांस तंबूपासून लांब उंच टांगा, आणि जमलं तर तंबूभोवती बॅटरीवरचं विजेचं कुंपण भाड्याने आणा.

मान, फासळ्या, छाती, चारही पाय, पाठीच्या पट्ट्या, सगळं खाण्याजोगं मांस रानातून बाहेर काढणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसती शिंगं उचलून यायचं आणि मांस कुजू द्यायचं, हा तिथे मोठा अपराध. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. आपण जीव घेतो, तर त्यातलं काही वाया जाता कामा नये. मांस गावात गोठवून मेणाच्या खोक्यांत भरलं की तेवीस किलोच्या आतलं खोकं प्रवासी विमानात साध्या सामानासारखं चढतं.

अस्वलांचं ऐकून त्या दोघांपैकी कुणाचा धीर सुटला, तर त्याला ओढू नकोस. पहिल्या खेपेला प्रिन्स ऑफ वेल्स बेटावर जा. केचिकनहून बेटावरच्या हॉलिसला तीन तासांची फेरीबोट आहे, पुढे लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांनी गाडी थेट रानात जाते. तिथे तपकिरी अस्वल नाही. काळं अस्वल आणि लांडगे आहेत. छोट्या विमानाचा खर्चही वाचतो.

दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण विमानाची तिकिटं काढण्याआधी वैमानिकाला किंवा फेरीबोटवाल्यांना फोन कर. नोव्हेंबरातल्या तारखा फार लवकर संपतात.