पाच सेकंदांचा चिमटा

चि. ओंकार,


काल फोनवर म्हणालास, "मावशी, कोडमधला हा पर्याय कुणीच वापरत नाही, उद्याच उडवतो." मी गडबडीत होते, नुसतं "थांब" म्हटलं. आज निवांत लिहिते.

एसई-लिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा बघ. २००३ पासून लिनक्समध्ये आहे. त्यात एक सोय होती: कर्नल सुरू झाल्यावर, पण पॉलिसी लोड होण्याआधी, ते समूळ बंद करता यायचं. काही यंत्रांवर बूटचे पर्याय बदलणं जिकिरीचं, म्हणून ती ठेवलेली. पण तिच्यापायी सुरक्षा-तपासणीचे हुक मेमरीत बदलता येण्याजोगे ठेवावे लागत. एरवी बूट आटोपल्यावर ते 'फक्त वाचा' करून गोठवता आले असते आणि घुसखोराचं काम अवघड झालं असतं. दाराला भारी कुलूप, आणि किल्ली कडीलाच टांगलेली!

तरी त्यांनी ती एका रात्रीत काढली नाही. २०२० मध्ये, ५.६ आवृत्तीत, ती कालबाह्य ठरवली. कागदपत्रांत तसं लिहिलं, लॉगमध्ये इशारा छापला. आता लॉग वाचतो कोण? मीही नाही वाचत. खरी वापरणारी म्हणजे फेडोरा ही लिनक्स प्रणाली. २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीत तिनं हा नाद सोडला. उरलेल्यांसाठी मग कर्नलमध्ये मुद्दाम ५ सेकंदांचा खोळंबा घातला, पुढे त्याचे १५ केले. मला ही युक्ती फार आवडते. काम होतं, पण बूट रेंगाळतं, आणि माणूस आपणहून लॉग उघडतो. शेवटी २०२३ मध्ये, ६.४ ला, ती सोय गेली. ज्याला बंदच करायचंय त्याला बूटच्या वेळचा पर्याय आहेच.

मी मात्र तुझ्या वयात सगळ्या कोडवर ग्रेप मारला, एकही वापर सापडला नाही, आणि एक जुना फ्लॅग काढून मोकळी झाले. ३१ मार्चच्या रात्री साडेअकराला एका ग्राहकाचा फोन. त्यांच्या सर्व्हरवर कुणीतरी हातानं लिहिलेली स्क्रिप्ट होती, वर्षातून एकदाच चालणारी, आणि तिला तोच फ्लॅग हवा होता. आमच्या रेपोत ती सापडणार कशी? पहाटे चारपर्यंत मी तो परत बसवत होते.

तेव्हा आज फक्त इशारा छाप. त्या पर्यायाची ओळ मुळात कुणी आणि कशासाठी टाकली, ते गिटमध्ये शोध. माणूस अजून कंपनीत असेल तर जाऊन भेट, मेल टाकून बसू नकोस.

ताईला सांग, आंबोशी कुरिअरनं पाठवलीय.

तुझी,
मावशी