मोतीचे मोल

धान्याचा भाव ठरविणे सोपे. घोड्याचा भाव ठरविणे कठीण. एका पोत्यातील ज्वारी दुसऱ्या पोत्यातील ज्वारीसारखी असू शकते; परंतु एक घोडा दुसऱ्या घोड्यासारखा कधीच नसतो. दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी याने (राज्यकाल १२९६ ते १३१६) घोड्यांचे भाव बांधून दिले होते. पहिल्या प्रतीच्या घोड्यास १०० ते १२० टंके, दुसऱ्या प्रतीच्या घोड्यास ८० ते ९०, तिसऱ्या प्रतीच्या घोड्यास ६५ ते ७० आणि तट्टास १० ते २५ टंके, अशी ही प्रतवारी इतिहासकार बरनी याने नोंदवून ठेवली आहे. प्रत ठरली की भाव ठरला! परंतु अमुक एक घोडा शांत आहे की तापट, वाद्ये ऐकून बुजतो की स्थिर राहतो, हे कोणतीही प्रतवारी सांगू शकत नाही. ते केवळ त्याच्या धन्यास ठाऊक असते.

महाराष्ट्रात घोड्यांचे मोठे बाजार आजही भरतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या सुमारास, आणि नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत, दूरदूरचे घोडे विक्रीस येतात. जाणता गिऱ्हाईक प्रथम घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो. पाचव्या वर्षाच्या सुमारास घोड्याचे पुढचे पक्के दात पूर्ण येतात आणि पुढे ते झिजत जातात. म्हणून दातांवरून वयाचा अंदाज येतो. मग तो खूर चाचपतो, अंगावरचे भोवरे पाहतो, घोड्याला चालवून व पळवून पाहतो. ‘घोडामैदान जवळच आहे’ ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. परंतु एवढी परीक्षा करूनही घोड्याची खोड, म्हणजे त्याची विचित्र सवय, एका दिवसात उघडी पडत नाही. मग ती खोड विकणाऱ्याने सांगावी काय? आणि सांगितल्यावर किंमत किती कमी करावी?

हा प्रश्न नीट समजण्यासाठी एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणू.

समजा, १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या कसबा पेठेत एक वृद्ध टांगेवाला राहत होता. शहरात रिक्षा वाढत चालल्या होत्या आणि टांग्याचे दिवस सरत आले होते. त्याच्या मुलास रिक्षा घ्यावयाची होती आणि त्यासाठी आठशे रुपये कमी पडत होते. घरात विकण्याजोगे एकच धन होते, ते म्हणजे बारा वर्षांचा मोती हा घोडा.

मोती मोठा गुणी, पण तऱ्हेवाईक. लकडी पुलाशी आला की तो क्षणभर थांबे, मान हलवी आणि मगच पुलावर पाऊल टाकी. चाबूक दाखविला तरी हा नेम मोडत नसे. स्टेशनवरून रात्री परतताना मालकास डुलकी लागली तरी तो टांगा बिनचूक घरी आणी. न बांधता तासभर उभा राही. शेजारची पोरे त्याच्या पोटाखालून जात, पण त्याने कधी लाथ उगारली नाही. मात्र ढोल-ताशे कानी पडले की तो बिथरे आणि मग कोणालाही आवरत नसे. म्हणून गणेशोत्सवाचे दहा दिवस तो घरीच बांधलेला असे.

विक्रीची गोष्ट निघताच घरात दोन मते पडली.

“आबा, हजाराच्या खाली मोतीला द्यायचं नाही,” धाकटी मुलगी डोळे पुसत म्हणाली. “आपल्याकडे तो सहा वर्षं आहे. त्याच्यासारखा दुसरा घोडा पुण्यात नाही.”

“बाजारात अशा घोड्याला आठशे मिळतात,” मुलगा म्हणाला. “तेवढे आले तरी पुष्कळ झाले. पण आबा, ढोल-ताशाचं मात्र बोलू नका. श्रावण आत्ता कुठे लागलाय. घेणाऱ्याला कळेपर्यंत व्यवहार झालेला असेल.”

म्हातारा काहीच बोलला नाही. मुलगी प्रेमापोटी किंमत वाढवीत होती, मुलगा गरजेपोटी खोड लपवीत होता. दोघांचेही मन वाईट नव्हते; परंतु दोघांच्याही हिशेबात घेणारा माणूस कोठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी हडपसरचा एक बागाईतदार आला. त्यास रोज पहाटे भाजीपाला गाडीत घालून मंडईत आणावयाचा होता. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, घोडा चालवून पाहिला आणि तो म्हणाला, “मामा, घोडा मनात भरला. त्यात काही खोड असेल तर आत्ताच सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर खोड नाही असं मी समजेन.”

येथे थोडे थांबून कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या देशात १८७२ चा करार कायदा अजूनही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणूक कशास म्हणावे हे सांगितले असून, ते समजावण्यासाठी उदाहरणेही घोड्याचीच घेतली आहेत! ‘अ’ हा आपला सदोष घोडा लिलावात ‘ब’ला विकतो आणि दोषाविषयी काहीच बोलत नाही; केवळ एवढ्याने ती फसवणूक होत नाही. परंतु ‘ब’ ही ‘अ’ची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे ‘अ’चे कर्तव्य ठरते. आणि ‘तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे ‘ब’ने म्हटल्यावर ‘अ’ गप्प राहिला, तर त्याचे ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. बागाईतदाराने नेमका हाच प्रश्न विचारला होता. आता मौन हे मौन राहिले नव्हते; ते खोटे बोलणे झाले असते.

याच कायद्याच्या पंचविसाव्या कलमात दुसरे एक उदाहरण आहे. हजार रुपयांचा घोडा कोणी खुशीने दहा रुपयांस देऊ केला, तरीही तो करार ठरतो. मात्र आपली संमती खुशीची नव्हती असे विकणाऱ्याने म्हटले, तर किंमत इतकी कमी का, याचा विचार न्यायालय करू शकते. म्हणजे, किंमत किती असावी हे कायदा ठरवून देत नाही. संमती मोकळ्या मनाने दिलेली आहे की नाही, हे तो पाहतो. वाजवी किंमत शोधण्याचे काम माणसांवरच सोपविलेले आहे.

टांगेवाल्याने मुलाकडे पाहिले आणि सर्व काही सांगून टाकले. “दादा, ढोल-ताशांत याला नेऊ नका. मंडईच्या गर्दीत बिथरला तर एखादं पोर गाडीखाली यायचं.”

मग दोघांनी मिळून हिशेब मांडला. उत्सवाच्या दहा दिवसांत बागाईतदारास भाड्याची गाडी करावी लागणार. रोजचे चार रुपये, म्हणजे वर्षाचे चाळीस. मोती आणखी पाच वर्षे काम करील असे धरले, तर दोनशे रुपये झाले. तेवढे आठशेतून वजा केले. लकडी पूल हडपसरच्या वाटेवर नसल्यामुळे त्या खोडीचा एक पैसाही कापला नाही. रात्री घर ओळखण्याच्या गुणाचेही पैसे धरले नाहीत. कारण ती वाट आता त्याची राहणार नव्हती. मात्र न बांधता उभे राहण्याच्या सवयीमुळे भाजी उतरविताना घोडा धरण्यास वेगळा माणूस लागणार नव्हता. त्या गुणाचे बागाईतदाराने आपण होऊन पन्नास रुपये वाढविले. साडेसहाशेवर सौदा ठरला. पन्नास रुपये इसार मिळाला. बाकीची रक्कम आठ दिवस घोडा वापरून पाहिल्यावर द्यावयाची होती.

मुलीच्या आसवांची किंमत या हिशेबात कोठे आली? ती आली नाही, आणि येणेही योग्य नव्हते. सहा वर्षांचा सहवास टांगेवाल्याचा होता. तो बागाईतदारास मिळणार नव्हता. जे मिळत नाही त्याचे पैसे कोणी का द्यावेत? परंतु त्या सहवासातून झालेली घोड्याची पारख बागाईतदारास मिळाली. मोतीला कोठे न्यावे आणि कोठे नेऊ नये, हे त्यास पहिल्याच दिवशी कळले. प्रेमाचा हा वाटा विकत देता येत नाही. तो केवळ सांगून देता येतो.

खरेपणा फुकट पडला असे मात्र नाही. दीडशे रुपये कमी आले आणि ते उभे करण्यासाठी मुलास आणखी काही महिने दुसऱ्याची रिक्षा चालवावी लागली. तथापि भाद्रपदात पेठांतून ढोल घुमू लागले, तेव्हा मोती हडपसरच्या गोठ्यात स्वस्थ उभा होता. खोड आधी सांगितली म्हणूनच हे घडले. अपघातानंतर सांगितली असती, तर ते वरातीमागून घोडे ठरले असते.

वस्तूविषयी विकणाऱ्यास जे ठाऊक आहे, तेच घेणाऱ्यासही ठाऊक झाल्यावर दोघांनी मोकळ्या मनाने मान्य केलेली किंमत, तीच वाजवी किंमत होय.

स्वाध्याय

१. अलाउद्दीन खिलजीच्या प्रतवारीतून घोड्याची कोणती माहिती कळत नसे?
२. मुलगा व मुलगी यांच्या सांगण्यात कोणती उणीव होती?
३. लकडी पुलावरच्या खोडीबद्दल किंमत कमी का केली नाही? घेणारा डेक्कन जिमखान्यावर राहणारा टांगेवाला असता, तर हिशेब कसा बदलला असता?
४. ‘घोडामैदान जवळ असणे’ आणि ‘वरातीमागून घोडे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमची जुनी सायकल विकावयाची आहे. तिचे गुण व दोष लिहून वाजवी किंमत ठरवा.